चेंबरचे चौदा बोल्ट

अण्णा, काल रविवारी मी माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल घरच्या घरी बदललं. ऐकणारी माणसं आहेत मला, पण ऐकल्याबरोबर डोळे बारीक करून "कुणाच्या मदतीनं?" असं विचारणारे तुम्हीच एक होतात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे. गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे. तुम्ही अशा गाड्यांना कधी मानलं नाहीत. "जो गिअर माझ्या हाताला लागत नाही तो पडला की नाही हे मी कुणाला विचारू?" असं म्हणायचात. पण तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी स्कूटरवरून पडून माझा डावा घोटा मोडला, त्यात सळई बसली आणि क्लच दाबणं कायमचं बंद झालं. म्हणून ही गाडी, तीही जुनी घेतलेली. रोज नाशिकरोडहून वणीला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला जाते आणि परत येते ती हिच्याच जिवावर. एसटीची पायरी चढायची तर कुणीतरी मागून हात द्यावा लागतो, आणि मागे कोण उभं आहे हे न बघता मला चढता येत नाही. तुमचीच मुलगी.

दिवाळीनंतर गाडी धक्के द्यायला लागली. दिंडोरीच्या पुढे चढ लागला, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कुणी ढकलल्यासारखं व्हायचं. कॉलेजातल्या सगळ्यांनी सांगितलं, वर्कशॉपला दे. मी देणारच होते, पण देण्याआधी गाडीखाली वाकून एक काम केलं, आणि ते करताना माझं मलाच हसू आलं. आईची मरून रंगाच्या नेलपॉलिशची बाटली आठवते तुम्हाला? तिच्या नखांना ती कधी लागलीच नाही. मिक्सर, रेडिओ, शिलाई मशीन, जे काही दुरुस्तीला बाहेर जाईल त्याच्या प्रत्येक स्क्रूवर तुम्ही तिनं बारीक रेघ मारायचात, अर्धी स्क्रूवर, अर्धी पत्र्यावर. वस्तू परत आली की रेघ जुळते का ते बघायचं. जुळली तर उघडलेलंच नाही, आणि मग दुकानदाराची खैर नाही. मी तशीच रेघ गिअरबॉक्सच्या तेल सोडायच्या नटावर मारली आणि खालच्या पत्र्याच्या चार बोल्टांवरही.

तीन दिवसांनी वर्कशॉपमधल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "मॅडम, गिअर ऑइल चेंज करून बघितलं. फरक नाही. आता पूर्ण गिअरबॉक्सच बदलावा लागेल." आकडा त्यानं कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला, तोंडानं बोलला नाही. मी कागद तसाच ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीजवळ बसले. खाली टॉर्च मारला. पाचही रेघा अखंड होत्या. मुलगा मागून आला होता. "मॅडम, आम्ही वरून काढतो, मशिननं." मी बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली आणि पांढऱ्या रुमालावर पुसली. नवं तेल लाल असतं, एवढं मी वाचलं होतं. रुमालावर चहाच्या गाळासारखा काळपट डाग उमटला. मुलगा त्या डागाकडे बघत राहिला, मग आत जाऊन मॅनेजरला घेऊन येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. गाडी घेऊन निघाले तेव्हा मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मी खूश होते. अण्णा बरोबर होते, असं गाडीत एकटीच मोठ्यानं म्हणाले.

आणि तुम्ही बऱ्याचदा बरोबर असायचातही. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला तुम्ही तो स्प्रिंगचा वजनकाटा टांगला होता. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्यानं ते आधी त्याला लटकवायचं आणि तुम्ही चष्मा पुसून काटा वाचेपर्यंत थांबायचं. आई ओट्यापाशी पाठ करून उभी राहायची, लाजेनं. पण दोन वेळा सिलिंडर हलकं निघालं होतं, हेही खरं. फक्त तुमचा काटा सिलिंडरपाशी थांबला नाही. मला आलेल्या स्थळांपैकी एकाच्या ऑफिसात तुम्ही गिऱ्हाईक बनून दोन तास बसून आलात. घरी येऊन म्हणालात, "जागेवरून उठताना टेबलाचा खण कुलूप लावून उठतो. काहीतरी लपवतोय." आई म्हणाली, "तुम्हीपण लावता." तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत, जणू तीही त्या मुलाला सामील आहे. पुढे स्थळं यायची थांबली. मी त्याचं फार दुःख केलं नाही, पण त्या कुलूप लावणाऱ्या मुलाचा चेहरा मला कधी बघायला मिळाला नाही, याचं अधूनमधून वाटतं.

आता त्या सकाळबद्दल. देवळाली कॅम्पातलं आपलं गॅरेज, बाजाराच्या मागच्या बाजूचं, तुमचं आणि तुमच्या भागीदाराचं, काकांचं, मिळून. बदलीवर निघालेल्या एका लष्करी साहेबांनी तुम्हाला तो परदेशी टॉर्क पाना दिला होता, लांब निळ्या डबीतला, बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की कट्ट असा आवाज करणारा. तुम्ही तो कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, काकांनाही नाही. मी एकोणीस वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे, आणि निळी डबी बाकावर उघडी पडली आहे, रिकामी. दोन फौजी गिऱ्हाइकं उभी आहेत, एकाची बायको जीपमध्ये बसली आहे. तुम्ही काकांना म्हणता, "गॅरेजच्या किल्ल्या दोनच. माझी माझ्या खिशात आहे."

काका म्हणाले, "मी नाय घेतला."

"मग त्याला पाय फुटले?"

काकांनी खिशातून किल्ली काढली, बाकावर ठेवली, बादलीत हात धुतले, नीट कोपरापर्यंत, आणि गेले. सोळा वर्षं एकत्र काम केलेला माणूस. ते हात धुवायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, चोर असेल म्हणूनच एवढा शांत आहे. मी तुमच्या बाजूला होते, अण्णा, पूर्णपणे. पुढे कळलं की ते मस्कतला गेले, तिथल्या गॅरेजात राहिले. तुम्ही गेलात त्या दिवशी ते आपल्या फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे होते. आत आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

वर्कशॉपमधून आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती आता ब्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, पण जे ऐकायचं ते ऐकते. म्हणाली, "मस्कतला तो असल्याच गाड्या करायचा. घोटीला असतो आता. फोन लाव."

"नंबर कुठे आहे आपल्याकडे?"

तिनं पोथीच्या पुठ्ठ्यातून कागद काढला. दर दिवाळीला ती काकूंना फोन करत होती, तुम्ही होता तेव्हापासून. आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून, मग घरातून, तुम्ही आंघोळीला गेलात की. मी तिला विचारलं, तुला कधी संशय नाही आला त्यांचा? ती म्हणाली, "मी रोज दोघांचे डबे भरायची. मला ठाऊक होतं कोण कसा जेवतो." एवढंच. आता तुम्ही आईवर चिडाल, म्हणून हे तुम्हाला सांगू की नको असा विचार मी जरा वेळ केला.

काका काल सकाळी आठच्या एसटीनं आले. पंचाहत्तरीला आलेत, पाठ थोडी वाकली आहे, हात मात्र तसेच मोठे. मला बघून म्हणाले, "बापावर गेलीस पोरी." कौतुक की काय ते कळलं नाही. मी तेलाच्या सीलबंद बाटल्या आदल्या दिवशीच आणून ठेवल्या होत्या, मुद्दाम, त्यांनी आपलं काही आणू नये म्हणून. त्यांनी एक बाटली उचलली, हात लांब करून लेबल वाचलं आणि खाली ठेवली. "हे या गाडीचं नाय."

"दुकानदारानं गाडीचं नाव विचारून दिलंय, काका."

"दोन्ही जातीची तेलं लालच असत्यात, म्हणून तर माणूस फसतो. हे घातलं तर आतल्या प्लेटा घसरतील."

माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. कुठल्या दुकानात पाठवतील, तिथं त्यांचं काय ठरलेलं असेल. मी आत जाऊन गाडीचं पुस्तक काढलं, बारीक अक्षरातलं पान शोधलं. काका बरोबर होते. आम्ही बदलून आणायला गेलो तेव्हा दुकान मी निवडलं, बाटल्यांची सीलं मी तपासली, आणि काका दाराशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं असं मला आज वाटतं.

घरी येऊन आम्ही गाडी थोडी चालवून गरम केली, मग पोर्चमध्ये जॅकवर उचलली आणि चारी बाजूंनी लोखंडी घोड्यांवर टेकवली. काकांनी खाली जाण्याआधी खांदा लावून गाडी हलवून बघितली, एका बाजूनं, मग दुसऱ्या. तुम्हीही असंच करायचात. दोघांपैकी कुणी कुणाला शिकवलं होतं ते? नट सुटला आणि काळं गरम तेल परातीत पडायला लागलं. काकांनी बोटांत चोळलं, वास घेतला. "जळालेलं नाय. म्हातारं झालंय नुसतं." किती निघालं ते मोजायला हवं, तेवढंच परत घालायचं, असं म्हणाले, तर मी कॉलेजातलं जुनं मापाचं नळकांडं आणलं आणि आम्ही दोघांनी ओट्यावर दूध मोजावं तसं ते मोजलं. मग गिअरबॉक्सच्या पोटाखालचा पत्रा, ज्याला ते चेंबर म्हणतात, तो उतरवला. चौदा बोल्ट. आत तळाशी एक चुंबक असतो, झिजलेलं लोखंड धरून ठेवणारा. त्यावर राखाडी लेप साचला होता. मी म्हटलं, "पुसू नका, मला फोटो काढायचाय." ते थांबले. "काढ. हा लेप चालायचाच. चमकणारं तुकडं सापडलं असतं तर गाडी गेली व्हती." तेल गाळणारी जाळी काढली, तिचाही फोटो. जुनं पॅकिंग खरवडलं, त्याचाही. प्रत्येक वेळी ते हात आखडून थांबायचे, आणि मी झाल्यावर पुढे जायचे. एवढा संयम मला संशयास्पद वाटत होता. ज्या माणसाला काही लपवायचं नाही तो एकदा तरी वैतागेल की नाही?

नवी जाळी, नवं पॅकिंग लावून त्यांनी चेंबर बसवला. चौदाही बोल्ट हातानं लावले, मग छोट्या पान्यानं समोरासमोरचे आवळत गेले, एक इकडचा, एक तिकडचा, दोन फेऱ्यांत. फार हलकं आवळत होते असं मला वाटलं. आईनं आतून हाक मारली, चहा झालाय. ते हात पुसून आत गेले. आणि मी गाडीखाली सरकले.

मी ठरवून गेले नव्हते. एकच बघू म्हटलं. पाना लावला आणि पाव फेरा आवळला, तो फिरला. म्हणजे सैल होता, असं मला वाटलं. दुसरा आवळला. तिसरा. माणूस चाळीस वर्षं हे काम करतो आणि बोल्ट सैल ठेवतो? का? गाडी रस्त्यात गळावी, मी वणीच्या वाटेवर एकटी अडकावी, म्हणून? तुमच्यावरचा राग माझ्यावर काढतोय? मला हे सगळं खरंच सुचलं, अण्णा, पाठीवर पडल्यापडल्या, त्या दोन हातांच्या जागेत. सातव्या बोल्टला पाना एकदम मोकळा झाला, आणि बोल्टाचं डोकं माझ्या गळ्याजवळ येऊन पडलं.

काका बाहेर आले तेव्हा मी उभी होते, डोकं मुठीत. मी म्हटलं, "काका, हा तुटला. तुम्ही जास्त आवळलात वाटतं."

शब्द तोंडातून निघाले आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. काकांनी माझ्या हाताकडे बघितलं. पाना अजून माझ्याच हातात होता. मग म्हणाले, "असेल. हात म्हातारं झालं."

ते परत खाली गेले. उरलेले तेरा बोल्ट सोडले, चेंबर उतरवला, पॅकिंग सांभाळून बाजूला ठेवलं. तुटलेल्या बोल्टाचा दांडा बोटभर खाली लोंबत होता. तो त्यांनी पकडीत धरला, जरा आत ढकलला, जरा बाहेर घेतला, परत आत, घाई नाही, जशी लहान मुलाच्या पायातून काच काढतात तशी. पाच मिनिटांनी तो निघाला. आटे शाबूत होते. मी शेजारी फरशीवर पडून टॉर्च धरला होता. आमचे चेहरे हातभर अंतरावर होते.

मी म्हटलं, "काका, तो मी आवळला होता. तुम्ही आत गेल्यावर."

"ठाव हाय. आत आवाज आला पान्याचा."

"मग असेल का म्हणालात?"

ते दांडा बोटांत फिरवत होते. म्हणाले, "एकदा नाय म्हणून बघितलं व्हतं."

मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. मग विचारलं, टॉर्क पाना गेला कुठे? त्यांना काही माहीत असेल असं मला वाटत नव्हतं, पण विचारलं. ते म्हणाले, "मला ठाव नाय पोरी. तुझ्या बापानं इचारलं असतं तर दोघांनी मिळून हुडकला असता. त्यानं इचारलंच नाय. सांगितलं." मग एकदम, कामाच्या आवाजात, "धर तो बोल्ट. अगदी तसलाच नवा आण. रस्त्यावर हार्डवेअर असेल ना?"

मी नवा बोल्ट आणला. या वेळी त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बोल्ट बसला की बोटं दाबायची, मी थांबायचं. चौदा वेळा. किती कमी जोर लागतो, अण्णा. पत्रा पातळ असतो, जास्त आवळला की वाकतो आणि तिथूनच गळायला लागतो. लांब नरसाळ्यानं पट्टीच्या नळीतून लाल तेल घातलं, इंजिन चालू करून गिअरचा दांडा एकेका जागी नेऊन थांबवला, पट्टीवर पातळी बघितली, थोडं आणखी घातलं. खाली कोरडं होतं.

दुपारी त्यांना सोडायला मी गाडी घेऊन घोटीला गेले. एसटीनं जातो म्हणत होते, पण मी म्हटलं गाडी बघायला हवी ना चढावर. विल्होळी मागे पडली, रस्ता चढायला लागला, मी कान लावून बसले होते. दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते कळलंच नाही. काका खिडकीतून भाताची खाचरं बघत होते. म्हणाले, "क्लच बसवायला तुझ्या बापानं शिकवला मला. माझं बोट चिरलं व्हतं तर स्वतःचा रुमाल फाडून बांधला." घराशी पोचल्यावर काकूंनी तांदळाची पिशवी दिली, आईसाठी. मी त्यांच्या पाया पडले, काकांच्याही. तुमच्या वतीनं काही म्हणावं असं मनात होतं, पण तुम्ही मला तसं सांगून गेला नव्हता, आणि तुमच्या नावानं खोटं बोलणं मला जमलं नाही. माझ्या वतीनं मी माफी मागितली. ते म्हणाले, "चालायचंच." मग पुढच्या तेलबदलाला बोलाव, असंही म्हणाले.

हे पत्र लिहून झाल्यावर कुठे ठेवायचं हे मला माहीत नाही. आईच्या हाती लागायला नको. एक गोष्ट मात्र राहिली, ती मी काकांना सांगितली नाही आणि आईलाही नाही. दिवेलागणीच्या आत घरी आले, गाडी पोर्चमध्ये लावली, सकाळी काकांना कामासाठी काढून दिलेली तुमची पान्यांची पेटी अजून फरशीवर उघडीच होती. मी खाली बसले आणि पाने मोजले. एकेक, सहा-सात नंबरपासून वरपर्यंत. सगळे होते. पेटी बंद करताना मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. एखादा कमी निघाला असता तर तुम्ही बरोबर ठरला असतात, अण्णा, आणि मी तेवढ्यासाठीच मोजत होते.